उसवता येणारी इमारत

आपा पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा मी एका बंगल्याची दर्शनी बाजू चौथ्यांदा बदलत होते. बंगल्याच्या मालकांना शेजाऱ्यापेक्षा दोन खांब जास्त हवे होते. लातुरात आर्किटेक्ट म्हणून स्वतःचं काम सुरू करून मला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत मी बहुतेक असलेच खांब काढले होते.

आपा औशाच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चालताना दम लागणाऱ्या, पण बोलताना अजिबात न लागणाऱ्या. मोजपट्टी गळ्यातच राहिली होती. बसमधून उतरून तशाच जिना चढून आल्या होत्या. औशात त्या शाळांचे गणवेश आणि परकर शिवून द्यायच्या. हाताखाली बारा बायका. इतकी वर्षं काम घराच्या पुढच्या दोन खोल्यांत चालायचं. आता तिथं मशिनी मावेनात, म्हणून त्यांनी औशाबाहेर लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोकळा प्लॉट पाच वर्षांच्या कराराने घेतला होता.

"शेड बांधायचं हाय," त्या म्हणाल्या.

मी वही पुढं ओढली आणि लांबी-रुंदी विचारायला लागले. त्यांनी हात वर केला.

"आधी माझं ऐका ताई. जागा माझी न्हाई. पण बांधीन ते माझं हाय. जागा सोडताना मी मशिनी नेणार, टेबलं नेणार. मग भिंतीच का ठेवून जाऊ? मला असं बांधून द्या, की जाताना उसवून नेता येईल."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"आम्ही पोरांचे ड्रेस शिवतो तेव्हा शिवणीत माया सोडतो. पोरगं वाढलं की उसवायचं, सैल करायचं, परत टीप मारायची. तुमच्या कामात माया सोडत न्हाईत का?"

नाही सोडत, असं मला सांगावं लागलं. आम्ही सगळं सिमेंटात पक्कं करतो, आणि नको झालं की जेसीबी बोलावतो.

कॉलेजात शेवटच्या वर्षी एका पाहुण्या सरांनी या विषयावर एक तास घेतला होता. इमारत म्हणजे सामानाची कोठी आहे, असं ते म्हणाले होते. तिच्यातला दगड, लोखंड, लाकूड पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडावं, कचरा म्हणून काही उरूच नये, म्हणून बांधतानाच ती सोडवायची कशी याचा विचार करायचा. पडद्यावर दाखवलेल्या सगळ्या इमारती थंड देशांतल्या होत्या. आम्ही परीक्षेपुरतं लिहून घेतलं आणि विसरलो. आता तोच प्रश्न औशाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने माझ्या टेबलावर आणून ठेवला होता, आणि तोही नुसत्या व्यवहाराच्या अकलेने. त्या गेल्यावर मी बंगल्याचे खांब बाजूला सारले. दुपारचा डबा तसाच राहिला. मला बसवतच नव्हतं.

पण करायचं कसं, ते मला येत नव्हतं, हेही खरं.

ते येणारा माणूस मला नांदेडात भेटला. माझं माहेर नांदेडचं. दिवाळीनंतर आईकडे गेले होते तेव्हा गल्लीच्या टोकाला जुने सरकारी क्वार्टर उतरवायचं काम चाललं होतं. पाडकाम म्हटलं की धूळ, आवाज, राडारोडा असं चित्र डोळ्यांपुढं येतं. इथं रस्त्याच्या कडेला विटांच्या रांगा लावल्या होत्या, एकेक वीट घासून साफ केलेली. चौकटी एकीकडे, फरश्या उभ्या करून एकीकडे. मध्ये एक उंच, वाळका म्हातारा मिस्त्री वस्तऱ्यासारख्या पातळ थापीने विटेवरचा चुना सोलत बसला होता. सगळे त्याला चाचा म्हणत.

"तुम्ही हे सगळं असं पाडता?" मी विचारलं.

"पाडणारे लई मिळतील बेटी," चाचा वर न बघता म्हणाले. "मशीन आणलं की अर्ध्या दिवसात सपाट. मी पाडत न्हाई. उतरवतो."

मी तिथंच विटांच्या ढिगावर बसले आणि त्यांना आपांची गोष्ट सांगितली. त्यांनी थापी खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं.

"सामान कुठाय?" त्यांनी एवढंच विचारलं.

सामान लातुरात निघालं. डाळ मिलचं एक जुनं गोदाम जमीनदोस्त होणार होतं. तिथं आता दुकानांची मोठी इमारत यायची होती. गोदामाच्या भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या आणि वर लोखंडी कैच्यांवर पत्रे. कैच्या म्हणजे छपराचा भार पेलणारे ते मोठे त्रिकोणी सांगाडे. असे आठ. मिलचे मालक वयस्कर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं अगदी सावकाश. भंगारवाला गॅसवर कैच्या कापून नेणार, असं त्यांचं ठरलेलंच होतं.

"तुम्हालाही भंगारच पाहिजे ना," ते मला म्हणाले. "मग तुकडे नेले काय, अख्खं नेलं काय."

"मला भंगार नको. कैची कैची म्हणूनच हवी आहे."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "दहा दिवस. अकराव्या दिवशी मशीन येणार."

चाचा चार माणसं घेऊन नांदेडहून आले. पहिल्या दिवशी त्यांनी कशालाही हात लावला नाही. नुसते गोदामात फिरले, भिंतीवर टिचक्या मारल्या, आणि पांढऱ्या रंगाने प्रत्येक कैचीवर आकडा घातला. मी मात्र लगेच टेप काढला, मापं घेतली आणि घरी जाऊन आपांच्या शेडचा नकाशाच काढून टाकला. तीस फूट रुंद, बरोबर मधोमध दार. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत तो चाचांना दाखवला.

त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. "तू आतून मोजलंस."

"हो."

"कैचीचे पाय भिंतीत हायेत. नऊ इंच इकडं, नऊ इंच तिकडं."

म्हणजे माझं माप दीड फुटाने चुकलं होतं. माझे कान तापले. कैची थोडी कापता येईल का, असं मी पुटपुटले, तर ते शांतपणे म्हणाले, "कागद बदल बेटी. कैची बदलत न्हाई."

मी कागद बदलला. त्या आठवड्यात मी जे शिकले ते कॉलेजच्या पाच वर्षांत शिकले नव्हते. आजवर मी आधी इमारत काढायचे आणि मग सामान मागवायचे. आता सामान आधी समोर आलं होतं आणि इमारत त्याच्यामागून येत होती. जुन्या खिडक्यांची उंची बघून भिंतीची उंची ठरली. फरशीच्या मापावरून दाराची जागा सरकली. मी रोज काहीतरी खोडत होते, आणि खोडताना कधी एवढा आनंद झाला नव्हता.

पहिली कैची उतरली तो दिवस मला अजून दिसतो. चेन पुलीची साखळी कुरकुरत होती, चाचा खालून एका बोटाने खुणा करत होते, आणि ती एवढी मोठी वस्तू हवेत तरंगत इंचाइंचाने खाली येत होती. तिच्या अंगावर वर्षानुवर्षं साचलेली तुरीची भुकटी होती. ती पिवळ्या धुक्यासारखी खाली आली आणि आम्ही सगळे शिंकायला लागलो. खुर्ची टाकून बघत बसलेले मालकसुद्धा शिंकले. मग ते उठले, कैचीजवळ आले आणि तिच्यावर हात फिरवला.

"वडिलांनी बसवल्या तेव्हा मी दहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "वर चढू दिलं नव्हतं मला."

त्यानंतर ते रोज यायचे. नवव्या दिवशी त्यांनीच दुकानांच्या ठेकेदाराला फोन करून मशीन दोन दिवस उशिरा आणायला सांगितलं.

आठातली एक कैची पायात गंजून गेली होती. सात चांगल्या निघाल्या. माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ इंजिनिअरांनी येऊन त्या एकेक तपासल्या, कुठं जोड द्यायचा ते सांगितलं. भूकंपाचा हिशेब किती काटेकोर हवा, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कैच्या पेलायला लोखंडी खांब तेवढे आम्ही नवे घेतले. बाकी विटा, फरशी, पायाचे दगड, दारं सगळं गोदामाचंच. रेणापूरकडच्या एका शाळेच्या जुन्या खोल्या लिलावात गेल्या होत्या, तिथून बारा खिडक्या मिळाल्या.

औशात काम सुरू झालं आणि पहिलं भांडण चुन्यावरून झालं. मी नकाशात सिमेंट लिहिलं होतं, सवयीने. चाचांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि मान हलवली.

"सिमेंट इटेला सोडत न्हाई. उद्या वेगळी करायला गेलीस तर ईट फुटंल. या गोदामाच्या इटा अख्ख्या कशा निघाल्या? चुना सोडतो. धरतो पण सोडतो."

"पण वेळ लागेल चाचा. चुना भिजवायचा, मुरवायचा."

"मग लागू दे की."

लागू दिला. भिंती कमरेएवढ्याच घेतल्या, वर खिडक्या.

दुसरं भांडण वेल्डिंगचं. औशातल्या वेल्डरने कैच्या आणि खांब जोडायला मशीन आणलं, तर मी त्याला नटबोल्ट लावायला सांगितलं. शिवाय मी एक वेगळा कागद काढला होता. इमारत उतरवायची झाली तर आधी काय सोडायचं, मग काय, कोणता बोल्ट कुठं आहे, सगळं त्यावर आकड्यांनी लिहिलेलं. तो बघून वेल्डरने हात जोडले.

"बांधायच्या आधी पाडायचा नकाशा? अपशकुन हाय मॅडम. मी न्हाई हात लावणार."

आपा मागेच उभ्या होत्या. "अंगातला शर्ट कुणी शिवला तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच की आपा."

"गळा घट्ट झालता म्हणून परत आणलास. मी उसवला का न्हाई? मग काय अपशकुन झाला तुला?"

तो हसत हसत बोल्ट लावायला चढला. आपांनी स्वतःसाठी एक पाना विकत आणला आणि खालचे बोल्ट स्वतः आवळले. मग बाकीच्या बायकाही पुढं झाल्या. कोणता बोल्ट कुठं आहे, ते माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ झालं.

पत्र्याखाली उन्हाळ्यात बसायचं कसं, हा प्रश्न मात्र राहिला होता. औशाचं ऊन म्हणजे ऊन. महागडा थर्माकोलचा थर मी सुचवला. आपांनी मला त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत नेलं. खोली छतापर्यंत चिंध्यांच्या पोत्यांनी भरलेली होती.

"हे दर महिन्याला जाळायला जातं. ह्याचं काय होतंय का बघा."

मी एक मूठ उचलली आणि माझ्या डोक्यात गोधडी आली. छपराला गोधडी. मी ते बोलून दाखवलं, तर शेजारची बाई म्हणाली, "मग लांब उशाच शिवू की, खणाएवढ्या." दोन कैच्यांमधल्या जागेला आमच्या धंद्यात खण म्हणतात, हे त्यांना एव्हाना माहीत झालं होतं. गणवेशांचा टेरिकॉट आगीत वितळतो, म्हणून तो बाजूला काढला आणि फक्त परकराच्या सुती चिंध्या घेतल्या. त्या टाकणखाराच्या पाण्यात भिजवून वाळवल्या, म्हणजे पटकन पेट घेणार नाहीत. एक चिंधी मी अंगणात काडी लावून बघितली. कडा काळी झाली आणि विझली. मग दुसरी बघितली, तिसरी बघितली. आपा म्हणाल्या, "ताई, सगळ्याच जाळता का आता?" महिनाभरात सहा खणांच्या उशा तयार झाल्या आणि बांबूच्या चटईवर, पत्र्याखाली चढल्या.

शेड पूर्ण झाली त्या संध्याकाळी आपांनी दिवे लावू दिले नाहीत. सगळ्यात वयस्कर बाईला त्यांनी उत्तरेच्या खिडकीजवळ बसवलं आणि हातात सुई-दोरा दिला. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. तिने डोळे बारीक केले, दोरा ओठांत ओला केला, आणि पहिल्याच खेपेला ओवला. चाचा माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "पास."

अडीच वर्षं सगळं छान चाललं. मग एक दिवस आपांचा फोन आला.

"ताई, उसवायचं हाय."

जागेचे मालक वारले होते आणि मुलांनी वाटण्या केल्या होत्या. तो प्लॉट ज्याच्या वाट्याला आला त्याला तो लगेच हवा होता. करार अजून बाकी होता, पण भांडत बसण्यापेक्षा आपांनी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. बायकांनी मिळून त्याआधीच औशाच्या किल्ल्यापलीकडे एक छोटी जागा घेऊन ठेवली होती, आणि ती त्यांची स्वतःची होती. आपांचा आवाज इतका उत्साही होता, की मला माझी भीती सांगता येईना. मी कागदावर सगळं काढलं होतं खरं. पण खरोखर उतरवायची वेळ येईल, असं मनातून मलाही वाटलं नव्हतं. बोल्ट गंजले असतील तर? विटा फुटल्या तर? या बाईने माझ्या शब्दावर सगळा धंदा उभा केला होता.

तरी मी तिथं पोचले तेव्हा मशिनी झाकून ठेवलेल्या होत्या आणि बायका पाने घेऊन उभ्या होत्या. चाचा आता फार थकले होते. त्यांना मुलाने गाडीत बसवून आणलं होतं, आणि ते सावलीत खुर्चीवर बसून सांगत होते. पहिला बोल्ट आपांनी घेतला. तो हलेना. त्यांनी तेल सोडलं, थोडं थांबल्या, पाना परत लावला आणि दोन्ही हातांनी ओढला. तो करकरला आणि फिरला. मी कागदावरच्या पहिल्या आकड्यावर खूण केली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. छपराच्या उशा खाली आल्या. एकीत उंदरांनी घर केलं होतं, ती तेवढी फेकली. पत्रे निघाले, खिडक्या निघाल्या. भिंती वरून खाली, एकेक वीट. चुन्याने खरंच विटा सोडल्या. शेवटी पायाचे दगडही उकरले आणि खड्डे तिथल्याच काळ्या मातीने बुजवले. ट्रॅक्टरच्या खेपा औशाच्या बाजारातून जात तेव्हा दुकानदार बाहेर येऊन बघत. एकाने विचारलं, "आपा, काय चाललंय हे?" त्या ट्रॉलीत खिडकीशेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "दुकान घेऊन चाललेय."

नव्या जागेवर मी टेप लावला, या वेळी बाहेरून. रुंदीला काही अडचण नव्हती. लांबी कमी पडत होती. सहा खण मावत नव्हते, पाचच मावत होते. मी हिरमुसले. आपांनी जागेवर पावलं टाकून बघितलं.

"मग एक खण कमी करा. बाया तेवढ्याच हायेत, टेबलं जवळ सरकवू."

इमारत लांबीला एक खण कमी करायची, हे त्यांना ड्रेसची उंची कमी करण्याइतकं सोपं वाटलं. आणि खरंच ते तेवढंच सोपं होतं. आकडे बदलले, सहा कैच्या उभ्या राहिल्या, सातवी बाजूला पडली. उरलेल्या विटांमधून आणि दोन खिडक्यांमधून बायकांच्या लहान मुलांसाठी एक खोली निघाली. ती पहिल्या जागेत नव्हती.

सगळंच काही वाचलं नाही. फरश्या बऱ्याच तुटल्या. गिलावा गेला. पत्र्याची जुनी भोकं बुजवली, तरी पहिल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी गळलं आणि गणवेशांचा एक ढीग भिजला. तो सगळा ढीग आपांनी परत धुऊन, इस्त्री करून दिला. मी स्वतः शिडी लावून ती दोन भोकं बंद केली. ठरवलेल्यापेक्षा चार दिवस जास्त लागले. पण शाळा उघडायच्या आत मशिनी सुरू झाल्या होत्या.

आता मी प्रत्येक कामाला तो दुसरा कागद काढते, उतरवायचा. बहुतेक लोक तो घेत नाहीत. काहीजण बघतही नाहीत. एका डॉक्टरांनी मात्र मागच्या महिन्यात तो फ्रेम करून दवाखान्यात लावला, आणि पेशंट विचारतात म्हणून मला फोन करून समजावून घेतला. बंगल्यांचे खांब मी अजूनही काढते, ते सुटलेले नाही. पण कुठं काही पाडायला निघालं की लोक मला कळवतात. आणि मी सगळं टाकून जाते, मोजायला.

सातवी कैची जळकोटला गेली. तिथं पापड करणाऱ्या बायकांना वाळवणासाठी मांडव हवा होता. त्यांच्याकडे जुन्या बाजार समितीतून निघालेल्या तीन कैच्या होत्या, जवळजवळ त्याच मापाच्या. जवळजवळ म्हणजे चार इंच कमी. मी कालच जाऊन आले. चाचांना फोन लावला आणि विचारलं, की चार इंचांचं काय करू.

"फोटो पाठव," ते म्हणाले. "कैचीच्या पायाचा. आणि घाई करू नकोस."

मी बांबूच्या शिडीवर चढून फोटो काढला. खालून बायका विचारत होत्या, बसतंय का म्हणून. बसेल, मी म्हटलं. कसं ते अजून माहीत नाही, पण बसेल.